‘ध’ चा ‘मा’ आणि शेजारची अक्षरे

मराठी माणसाला एका अक्षराचे सामर्थ्य निराळे शिकवावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यामागे ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ लिहिणारा हात होता, ही आख्यायिका शाळकरी वयापासून आपल्या कानांवर असते. आनंदीबाईंवरील हा आरोप इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, हा वेगळा विषय आहे. भाषेने मात्र तो केव्हाच पदरात घेतला आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. या आख्यायिकेतील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. ‘ध’ काय किंवा ‘मा’ काय, ही अक्षरे स्वतः कोणाला धरीत नाहीत की मारीत नाहीत. त्यांच्यामागून येणारी ‘रावे’ ही दोन अक्षरे जागची हलली नाहीत, म्हणून नव्या अक्षराला अर्थ आला. अक्षराचे बळ त्याच्या शेजारात असते.

आम्ही दोघे यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाकडे छंदःशास्त्र, दुसऱ्याकडे भाषाविज्ञान. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. तरीही न्यूक्लिइक अम्लांच्या जोडीचे स्थैर्य गणिताने कसे वर्तवतात, यासारख्या विषयावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे हिवाळी शिबिर पांढरकवड्याच्या बाजूच्या एका पोडावर होते. (कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात.) शिबिरात रक्ततपासणी झाली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीच्या हाती जे कार्ड पडले त्यावर ‘एएस’ अशी दोन अक्षरे होती. म्हणजे ती सिकलसेलची वाहक होती, रुग्ण नव्हे. डॉक्टरांनी तसे समजावूनही सांगितले. पुढे महिनाभर ती वर्गात दिसली नाही. ठरलेली सोयरीक मोडल्याचे मागाहून कळले; मुलाकडच्यांनी कार्ड पाहिले होते. परत आली तेव्हा तिने आम्हाला विचारले, “डॉक्टर म्हणे, एकच अक्षर बदलते. सर, एका अक्षरानं येवढं काय होते जी?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचन झाले ते रोगापाशी थांबले नाही. एका अक्षराचा फरक ओळखायचा कसा, हा प्रश्न आम्हाला दुसऱ्या एका प्रश्नाकडे घेऊन गेला: डीएनएचे दोन पेड एकमेकांना किती घट्ट धरून राहतील, हे माणूस आधीच हिशेब करून कसे सांगू लागला? या दोन प्रश्नांचे इतिहास एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की आम्हाला ते वेगळे काढता आले नाहीत.

आधी रोगाचा इतिहास. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच निराळे असल्याचे दाखवून याला ‘रेणूचा आजार’ म्हटले. १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कोठे आहे, हे सांगितले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो अम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच तो फरक. त्यामागे डीएनएतील एका अक्षराची अदलाबदल आहे. दरम्यान १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा गुण आढळला होता. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख आला आणि विदर्भाचे नाव या इतिहासात नोंदले गेले. गोंड, परधान, कोलाम या आदिवासी जमाती आणि महार समाज यांच्यात हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. ते टिकून राहिले त्यालाही कारण आहे. ज्याच्याकडे ते एका बाजूनेच आले आहे त्याला हिवतापाच्या घातक रूपापासून काही संरक्षण मिळते, हे ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. जंगल आणि डास यांच्या मुलखात हे अक्षर शाप म्हणून टिकलेले नाही, ढाल म्हणून टिकले आहे.

आता डीएनएकडे वळू. वेणीचे पेड असतात, दोराचे असतात, तसे याचे दोन पेड. प्रत्येक पेडावर चार क्षारकांची माळ: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. सोयीसाठी आम्ही त्यांना अ, थ, ग, स म्हणू. (कार्डावरील ‘ए’ आणि ‘एस’ ही हिमोग्लोबिनच्या प्रकारांची नावे, त्यांचा या चार अक्षरांशी घोटाळा होऊ नये.) एका पेडावर अ असेल तर समोर थ, आणि ग असेल तर समोर स, हा नियम १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडला. अ-थ जोडीत हायड्रोजनचे दोन बंध असतात, ग-स जोडीत तीन. मूळ मांडणीत ग-स जोडीतही दोनच बंध दाखवले होते. तिसरा पॉलिंग आणि कोरी यांनी १९५६ मध्ये सुचवला. त्याच वर्षी अलेक्झांडर रिच आणि डेव्हिड डेव्हिस यांनी फक्त अ असलेले आणि फक्त य असलेले (आरएनएमध्ये थ ऐवजी युरॅसिल असते, त्याचा हा य) असे दोन सुटे धागे पाण्यात मिसळले. कोणाच्याही मदतीवाचून त्यांची जोडी जमली. जोडी आपोआप जमते, हे कळले. ती किती पक्की जमते, हा पुढचा प्रश्न होता.

तिचा पक्केपणा मोजण्याची युक्ती सोपी आहे: तापवून पाहावे. डीएनएचे द्रावण तापवत नेले की एका विशिष्ट तापमानाच्या आसपास पेड सुटू लागतात. जुळलेल्या अवस्थेत क्षारक भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात आणि अतिनील प्रकाश कमी शोषतात. चवड विस्कटली की शोषण वाढते. अर्धे पेड सुटले, अर्धे उरले, ते तापमान म्हणजे त्या जोडीचा वितळबिंदू. हार्वर्डमध्ये पॉल डॉटी आणि ज्युलियस मार्मर यांनी १९५९ ते १९६२ या काळात नाना जीवाणूंचे डीएनए असे तापवून पाहिले. ज्यात ग आणि स अधिक, त्याचा वितळबिंदू अधिक, असा सरळ संबंध त्यांना आढळला. शेकडा एक ग-स वाढला की वितळबिंदू ०.४१ अंशाने चढतो. तापवून विलग झालेले पेड सावकाश निववले तर पुन्हा आपापला जोडीदार शोधतात, हेही १९६० मध्ये याच प्रयोगशाळेतून पुढे आले.

भाकिताच्या इतिहासातील ही पहिली पायरी. ती मोजणीची होती. अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत याकडे न पाहता कोणती किती आली आहेत एवढेच ती पाहते. लांबलचक डीएनएला हे पुरते, कारण हजारो अक्षरांत सरासरी खरी ठरते. लहान तुकड्यांसाठी याहून सोपा आडाखा ब्रूस वॉलेस यांच्या नावाने प्रसिद्ध आहे: प्रत्येक अ किंवा थ साठी दोन अंश, प्रत्येक ग किंवा स साठी चार अंश.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. बीटा हिमोग्लोबिनच्या जनुकात, त्या प्रसिद्ध सहाव्या जागेभोवती, एकोणीस अक्षरांची ही ओळ आहे:

सथससथगअगगअगअअगथसथगस

सिकलसेलमध्ये सातव्या स्थानावरील अ जातो आणि तेथे थ येतो:

सथससथगथगगअगअअगथसथगस

वॉलेसचा आडाखा लावून पाहा. पहिल्या ओळीत अ आणि थ मिळून आठ, ग आणि स मिळून अकरा: सोळा अधिक चव्वेचाळीस, म्हणजे साठ अंश. दुसऱ्या ओळीत? तेच आठ, तेच अकरा, तेच साठ. एक माणूस धडधाकट राहतो आणि दुसरा सांधेदुखीने, रक्तक्षयाने तळमळतो. मोजणीच्या लेखी मात्र दोन्ही ओळी सारख्या. तिच्या लेखी ‘ध’ आणि ‘मा’ यांत काही फरकच नाही.

दुसरी पायरी समजून घेताना आमच्यापैकी छंदःशास्त्र शिकवणाऱ्याला अचानक ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. वृत्तांचे गण लक्षात ठेवण्यासाठी ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र आपण पाठ करतो. त्याची गंमत ही, की त्यातील अक्षरे सुटी वाचायची नसतात. यमाता हा य गण, मातारा हा म गण, ताराज हा त गण; दर वेळी एक अक्षर पुढे सरकायचे आणि शेजारच्या दोघांसह वाचायचे. दहा अक्षरांत आठ गण बसतात, कारण एकच अक्षर अनेक गणांत भागीदार असते. डीएनएच्या स्थैर्याचे भाकीत नेमके असेच वाचावे लागते. फक्त तेथे तीनऐवजी दोन-दोन अक्षरे घ्यायची. एकोणीस अक्षरांची ओळ म्हणजे अठरा शेजार. आमच्या ओळीतील पहिला शेजार स-थ, दुसरा थ-स, तिसरा स-स, असे शेवटच्या ग-स पर्यंत.

असे का, याचे उत्तर त्या भाकरींच्या चवडीत आहे. समोरासमोरच्या जोडीला हायड्रोजनचे बंध धरून ठेवतात, असे आपल्याला शिकवलेले असते. ते खोटे नाही. पण सुटलेल्या क्षारकालाही भोवतालच्या पाण्याशी असे बंध जोडता येतातच, त्यामुळे त्यातून होणारा निव्वळ लाभ थोडा असतो. खरी पकड वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यावर सपाट टेकून बसण्यात आहे. २००६ साली याकोव्चुक, प्रोटोझानोव्हा आणि फ्रँक-कामेनेत्स्की यांनी या दोन घटकांचा वाटा वेगवेगळा मोजला, तेव्हा स्थैर्याचे मुख्य कारण ही रचणच असल्याचे त्यांना दिसून आले. समोरच्याशी बांधलेल्या गाठीपेक्षा शेजाऱ्याचा टेकू मोठा ठरला.

ही कल्पना मात्र त्यापूर्वीची. हॉवर्ड डिव्हो आणि इग्नॅशियो टिनोको यांनी १९६२ मध्ये शेजारी क्षारकांमधील आकर्षणाचा हिशेब मांडला, आणि १९६४ मध्ये क्रॉदर्स आणि झिम यांनी वितळण्याच्या सिद्धान्तात शेजाराला स्थान दिले. १९७१ पासून टिनोको, ओल्के उलेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएच्या लहान तुकड्यांवर मोजमापे करून शेजारांचे दर ठरवण्यास आरंभ केला. असे प्रयोग शक्य झाले, कारण हव्या त्या क्रमाची लहान ओळ प्रयोगशाळेत रचण्याची विद्या तोवर हाती आली होती. हरगोविंद खोराना यांचा त्या विद्येत मोठा वाटा आहे. चार अक्षरांचे दोन-दोनचे शेजार सोळा होतात. पण एका पेडावर जे अ-अ असते तेच समोरच्या पेडावर उलट दिशेने थ-थ असते, म्हणून डीएनएत वेगळे असे दहाच उरतात. दहा शेजारांचे दहा दर. एवढी कोष्टके हाती आली, की कोणत्याही ओळीचे स्थैर्य कागदावर मांडता येते.

१९८६ मध्ये रटगर्स विद्यापीठातील केनेथ ब्रेस्लॉर आणि सहकाऱ्यांनी डीएनएसाठी असे कोष्टक प्रसिद्ध केले. अक्षरांच्या क्रमावरून जोडीच्या स्थैर्याचे भाकीत, असाच त्या लेखाचा विषय होता. पुढची दहा वर्षे मात्र गोंधळाची गेली. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापली कोष्टके काढली आणि त्यांतील आकडे जुळेनात. कोणी लांब धागे घेतले होते, कोणी आखूड. कोणाच्या पाण्यात मीठ अधिक, कोणाच्या कमी. (दोन्ही पेडांवर ऋण विद्युत्‌भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लोटतात, मिठातील सोडियमचे कण मध्ये आले की हा दुरावा निवळतो. मिठाचे प्रमाण न सांगता स्थैर्याचा आकडा सांगणे म्हणूनच व्यर्थ.) १९९८ मध्ये डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील जॉन सांतालुसिया यांनी सात प्रयोगशाळांची कोष्टके एकाच मापावर आणली. तेव्हा त्यांतील बहुतेकांचे मुळात एकमत असल्याचे उघड झाले; भांडण आकड्यांचे कमी आणि परिस्थितीचे अधिक होते. पाठभेदांची चिकित्सा करणाऱ्या संपादकाला हे काम ओळखीचे वाटेल. पोथ्या वेगळ्या दिसतात. पण लेखनिकाच्या लकबी बाजूला केल्या की संहिता एकच निघते.

त्या कोष्टकावरून आम्ही आमच्या दोन ओळी मांडून पाहिल्या. ही बेरीज-वजाबाकी मराठीच्या प्राध्यापकालाही जमते. दर किलोकॅलरीत असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड घट्ट. पहिल्या ओळीत सातव्या जागेचा अ ज्या दोन शेजारांत भागीदार आहे, त्या ग-अ आणि अ-ग यांचे दर १.३० आणि १.२८. दुसऱ्या ओळीत त्यांच्या जागी ग-थ आणि थ-ग येतात. त्यांचे दर १.४४ आणि १.४५. अठरा शेजारांची बेरीज करून, दोन पेडांची पहिली भेट घडण्याची किंमत वजा केली, की पहिल्या ओळीची स्वतःच्या जोडीदाराशी पकड २३.५ येते आणि दुसरीची स्वतःच्या जोडीदाराशी २३.८. मोजणीने ज्या दोन ओळी एकच ठरवल्या होत्या त्या शेजाराने वेगळ्या केल्या. फरक लहान आहे, पण आहे.

मोठा फरक पुढे दिसतो. पहिली ओळ दुसऱ्या ओळीच्या जोडीदारासमोर ठेवली, तर अठरा जागी सारे जुळते आणि सातव्या जागी अ समोर अ येतो. अशा बेजोड जागांचे दर १९९९ मध्ये सांतालुसिया यांच्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले. ते वापरले तर पकड २३.५ वरून २०.३ वर उतरते. तीन-सव्वातीन किलोकॅलरी ही ऐकायला क्षुल्लक गोष्ट आहे. पण शरीराच्या तापमानाला तिचा अर्थ असा होतो, की जुळलेली जोडी बेजोड जोडीपेक्षा सुमारे पावणेदोनशे पट अधिक पसंत केली जाते. एका अक्षराने एवढे होते.

आणि येथेच दोन इतिहास एकत्र येतात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत ब्रेंडा कॉनर, ब्रूस वॉलेस, केइची इताकुरा आणि सहकाऱ्यांनी अशाच एकोणीस-एकोणीस अक्षरांच्या दोन ओळी रचल्या: एक निरोगी जनुकाशी पूर्ण जुळणारी, दुसरी सिकलसेलच्या. माणसाच्या डीएनएवर त्या बसवल्या आणि मोजून ठरवलेल्या तापमानाला धुऊन काढल्या. पूर्ण जुळलेली ओळ टिकली, एका अक्षराने बेजोड असलेली निघून गेली. रोग्याच्या रक्तपेशीचा आकार न पाहता, थेट अक्षर वाचून निदान झाले. दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, सीटस कंपनीतील रँडी सैकी, कॅरी मलिस आणि सहकाऱ्यांचा पीसीआरचे तंत्र प्रथम जगासमोर आणणारा लेख आला. त्याचाही विषय बीटा हिमोग्लोबिनचे जनुक आणि सिकलसेलचे निदान हाच होता. २०२० साली ‘आरटीपीसीआर’ हा शब्द गावोगावच्या पारावर पोचला, त्या चाचणीचे मूळ येथे आहे. त्या चाचणीत विषाणूच्या ओळीवर बसणारे लहान तुकडे निवडताना हाच शेजारांचा हिशेब करतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही या इतिहासात भर घातली आहे. १९९१ मध्ये कोपनहेगनच्या पीटर नील्सन यांच्या गटाने असा एक कृत्रिम धागा घडवला, की त्याच्यावर अक्षरे तीच, पण कणा प्रथिनासारखा आणि विद्युत्‌भाररहित. लोटणारा भारच नसल्याने त्याची डीएनएशी जोडी नैसर्गिक जोडीहूनही घट्ट बसते. के. एन. गणेश आणि वैजयंती कुमार यांनी पुण्यात या कण्याची नवनवी रूपे घडवली आणि प्रत्येकाची पारख वितळबिंदू मोजून केली. पॉल डॉटींच्या प्रयोगशाळेतील तापवून पाहण्याची साधी युक्ती येथे अजून उपयोगी पडत होती.

येथवर आल्यावर एक गोष्ट आम्हाला प्रकर्षाने जाणवली. इतके सारे गणित मांडूनही ‘या एका पेडाचे जोडीतील स्थैर्य किती?’ असा प्रश्न विचारता येत नाही. त्याला अर्थच नाही. स्थैर्य हा जोडीचा गुण आहे. समोर कोण आहे हे सांगितल्याशिवाय कोष्टकातील एकही आकडा हलत नाही. पोडावरच्या त्या कार्डाचेही असेच आहे. ‘एएस’ हा शब्द एकट्याने काहीच भाकीत करत नाही. जोडीदार ‘एए’ असेल तर त्यांच्या एकाही अपत्याला सिकलसेलचा आजार होत नाही. जोडीदारही ‘एएस’ असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. तो थॅलसेमियाचा वाहक असेल तरीही जपावे लागते. रूपक येथेच थांबवले पाहिजे, कारण डीएनएत जुळणी हवीशी असते आणि येथे नेमकी तीच टाळायची असते. पण दोन्हीकडे प्रश्न जोडीलाच विचारायचा असतो. त्या सोयरिकीत मुलाची तपासणी झालेलीच नव्हती. मुलीचे कार्ड तेवढे वाचले गेले.

आणि शेजार? तो या आजारातही आहे. तेच अक्षर, तोच थ, पण त्याच्या आजूबाजूचा जनुकांचा परिसर निरनिराळ्या मुलखांत निराळा आढळतो. भारतात आढळणाऱ्या परिसराला अरब-भारतीय म्हणतात. या लोकांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक उरते, म्हणून आजार सौम्य राहतो, असे मानले जाई. नागपूरला नवजात बालकांच्या पाहणीतून जे दिसले त्याने या समजाला तडा गेला. विदर्भातील कित्येक मुलांचा आजार मुळीच सौम्य नाही. त्याचा अर्थ आम्ही असा लावतो, की अक्षर आणि त्याचा जनुकीय शेजार यांच्यापलीकडे आणखी एक शेजार आहे: ताप आल्यावर दवाखाना किती कोसांवर आहे, रक्त मिळते की नाही, हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिनोन्‌महिने सुटत तर नाही. या शेजारांचे दर कोणत्याही कोष्टकात नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत या आजारावरील पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता मिळाली. त्यातही आरएनएची वीस अक्षरे डीएनएवर आपली जागा शोधून बसतात आणि त्यांच्या जुळणीवर उपचाराचा नेमकेपणा अवलंबून राहतो. म्हणजे १९५६ मधील रिच आणि डेव्हिस यांच्या दोन धाग्यांची गोष्ट तेथवर पोचली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर ठरवली गेली. पोडावरून तालुक्याच्या रुग्णालयात जायला वाहन मिळेल की नाही याची चिंता करणाऱ्या माणसाला हा आकडा सांगावा की नाही, हेच आम्हाला उमगत नाही. तपासणी मात्र त्याच्या दारात येते आहे. एका थेंबावर होणारी ती साधी चाचणी आणि त्यानंतरची खात्रीची चाचणी स्वस्त आहे. तिच्यानंतर जे कार्ड हाती पडते ते कसे वाचावे, हे शिकवण्याचे काम आम्हा वाचन शिकवणाऱ्यांचेही आहे, असे आता वाटते.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थिनीला एका दुपारी सांगितले. फळ्यावर एकोणीस अक्षरे लिहिली. गण पाडण्याचा सराव तिला होताच. तिने खडू घेतला, दोन-दोन अक्षरांखाली कंस काढत अठरा शेजार पाडले, कोष्टकातून दर उतरवले आणि बेरीज केली. एके ठिकाणी आमचीच चूक निघाली, ती तिने दुरुस्त केली. दुसरी ओळ लिहिताना सातव्या अक्षरापाशी तिचा हात थोडा थांबला. मग तिने अ पुसून तेथे थ लिहिला आणि शेजारचे दोन्ही दर बदलले.

फळ्यावरचे दोन्ही आकडे ती बराच वेळ पाहत राहिली. आम्ही समजलो, की आता ती वितळबिंदूविषयी काही विचारील.

“म्हंजे जोडी पाह्यल्याबिगर काईच सांगता येत नाही,” ती म्हणाली. “मंग माहं कारड त्याइनं एकलंच कसं वाचलं जी?”